नाथमाधव व अद्भुत कादंबरीची साक्ष

नाशिक येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं स्थापन झालें. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ त्यानंतर एकवीस वर्षांनीं, म्हणजे १८६१ त, प्रसिद्ध झाली, व १८६८ त नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ निघाली. अर्थात् मराठी अद्भुत कादंबरीचें सारें आयुष्य अशा जुन्या वाचनालयांच्या डोळ्यांदेखत गेलें आहे. तथापि बखरी, सनदा व महजर यांच्या पंक्तीस या पुस्तकांस बसविणें संग्राहकांस रुचत नाहीं. राजवाड्यांसारख्या संशोधकास मात्र १९०२ सालीं कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहावासा वाटला, हें विसरतां कामा नये.

या परंपरेंतील अत्यंत लोकप्रिय लेखक नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, यांचा जन्म १८८२ चा. ऐन तारुण्यांत शिकारीकरितां सिंहगडावर गेले असतां कड्यावरून पडून ते कायमचे पंगु झाले. अंथरुणावर वाचनाचा नाद लागला, व वाचनांतून लेखन निघालें. १९१३ सालीं त्यांची ‘वीरधवल’ प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपट्यांनीं कादंबरीस वास्तवाचें वळण लावून पाव शतक लोटलें होतें; तरी वाचकांनीं या अद्भुत कथेस उचलून धरिलें. १९२८ त, अवघ्या शेहेचाळिसाव्या वर्षीं, ते वारले.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ज्या लेखणीनें ‘वीरधवल’ रचिला, तिनेंच ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’ आदिकरून शिवकालावरील कादंबऱ्यांची माला लिहिली. ज्यांनीं एकही अस्सल पत्र पाहिलें नाहीं, अशा वाचकांच्या मनांत शिवकाल उभा राहिला तो बराचसा अशा कादंबऱ्यांतून. त्या चित्रांतील कोणता रंग कागदपत्रांचा व कोणता अद्भुतकथेचा, याचा निवाडा करणें हें संशोधकाचेंच काम होय.

त्यास प्रथमावृत्ति पाहिजे. पुढील आवृत्तींत प्रस्तावना गळते, मजकूर फिरतो, पहिलें सालही नाहींसें होतें. पोथी आम्ही रुमालांत बांधून ठेवितों. त्याच माळ्यावरील कादंबरी मात्र रद्दींत जाते.

म्हणून गोदाकांठच्या व इतर ठिकाणच्या संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, जुन्या वाड्यांतील दप्तरें धुंडाळितांना या पुस्तकांचीं मुखपृष्ठें, प्रस्तावना व मालकांच्या सह्या यांची नोंद करावी, आणि नवी बांधणी करितांना तीं पानें काढूं नयेत. कल्पित कथा खोटी असेल. पण लोकांनीं ती केव्हां व कशी वाचली, ही हकीकत खरीच आहे.