बैठकीतला गंधर्व अन् पेटीतली बाई

आमच्या चांदूर बाजार भागात जुना वाडा पाडायला काढला की आधी सागवान विकल्या जाते, मग तांब्या-पितळेची भांडी, अन् सगळ्यात शेवटी भिंतीवरच्या तसबिरी. भंगारवाला काच अन् चौकट ठेवतो, आतला कागद फेकून देतो. तो कागद मी गेली तीस-पस्तीस वर्षं गोळा करत आलो आहे. देवांच्या तसबिरी नाही, त्या जमवणारे पुष्कळ आहेत. माझा नाद जुन्या नाटक-सिनेमातल्या नटनट्यांच्या फोटोंचा. संत्र्याची बाग अन् पऱ्हाटीचं वावर सांभाळून जेवढं जमलं तेवढं. गावातले म्हणतात, "याले कोन्तं याड लागलं बाप्पा!" म्हणोत.

कोणता फोटो घरात कुठं सापडला, हे मी पहिल्यापासून पाकिटावर लिहून ठेवत गेलो. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. बैठकीच्या भिंतीवर, म्हणजे पाव्हण्याची पहिली नजर जाते तिथं, शालू नेसलेली, नाकात नथ, केसात गजरा अशी देखणी बाई दिसली, तर ती बहुतेक बाई नसतेच. तो पुरुष असतो. अन् खऱ्या नटीचा फोटो सापडतो तो पेटीच्या तळाशी, साऱ्याच्या पावत्यांखाली, नाही तर जुन्या पंचांगात दाबलेला.

बैठकीतला सगळ्यात मोठा मान बालगंधर्वांचा. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. पोरवयातलं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना हे नाव दिलं. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत गेले, १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. 'मानापमान' नाटकातली भामिनी, 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, 'एकच प्याला'मधली सिंधू, या त्यांच्या भूमिका. फोटोत भामिनी कोणती अन् सिंधू कोणती हे लुगड्यावरून कळते. भामिनी श्रीमंताची लेक, तिच्या अंगावर भरजरी. सिंधू दारुड्याची बायको, तिचं लुगडं साधं, पुढं तर फाटकं. पण दोन्ही फोटोत मान कलती करण्याची ढब एकच.

त्या काळात शिकल्या-सवरल्या घरच्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायच्या, त्यांच्यासारखा गजरा माळायच्या. आमची आजी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणे, "पाह्य, पदर असा घ्या लागते." ज्या घरात सासऱ्यापुढे सून तोंड वर करत नव्हती, त्या घरात सासऱ्यानंच आणून टांगलेला हा फोटो सुनेला पदर शिकवत होता. मले हे अजूनही नवल वाटते.

आता वऱ्हाडातल्या खेड्यात हे फोटो आले कसे? कापसानं आणले. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मागोमाग रेल्वे आली. पुढं मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत छोटी लाइन आली, तिलेच आपण शकुंतला म्हणत आलो. कापूस विकला की पैसा खुळखुळे, अन् हे नाटक मंडळ्यांना बरोब्बर ठाऊक असे. अमरावतीला इंद्रभुवन थिएटर होतं. हेच ते इंद्रभुवन, जिथं नोव्हेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली. आमच्याकडचे लोक बैलगाडी जुंपून अमरावतीला नाटक पाहायला जात, रात्रभर पाहत, अन् येताना फोटो आणत.

अमरावतीचा नाटकाशी संबंध नुसता पाहण्यापुरता नव्हता. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले वीर वामनराव जोशी अमरावतीचेच. त्यांचं 'रणदुंदुभि' १९२७ साली बळवंत संगीत मंडळीनं रंगभूमीवर आणलं. त्यात तेजस्विनीचं काम मास्टर दीनानाथ मंगेशकरांनी केलं. म्हणजे लेखणी वऱ्हाडी, अन् तेजस्विनी पुन्हा पुरुषच. दीनानाथांचा एक फोटो माझ्याजवळ आहे, अर्धा उधईनं खाल्लेला. चेहरा तेवढा वाचला.

सिनेमा आला तरी सुरुवातीला हेच. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. पैसे देऊ म्हटलं तरी कोणी तयार नाही. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. पुढं 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम अन् सीता दोन्ही कामं केली. 'लंकादहन'च्या आधीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र फाळक्यांना दोन बाया मिळाल्या, दुर्गाबाई कामत अन् त्यांची मुलगी कमलाबाई. आई पार्वती झाली, लेक मोहिनी. हीच लेक पुढं कमलाबाई गोखले झाली. चंद्रकांत गोखले तिचा मुलगा, विक्रम गोखले नातू. हिंदुस्थानच्या सिनेमातल्या पहिल्या दोन बाया मराठी, अन् तरी त्यांचा त्या काळचा एकही फोटो मले कोण्या वाड्याच्या भिंतीवर मिळाला नाही. साळुंक्यांची तारामती चालत होती, खरी पार्वती चालत नव्हती. नाचणं-गाणं बाजारातल्या बायांचं काम, घरंदाज भिंतीवर त्यांचा फोटो कसा लावायचा, असा तो हिशोब होता.

मग हा फोटो पेटीतून भिंतीवर आला तरी केव्हा? माझ्या पाकिटांवरून तीन पायऱ्या दिसतात. पहिली, दुर्गा खोटे. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये, म्हणजे पहिल्याच मराठी बोलपटात, त्या तारामती झाल्या. नामांकित, शिकलेल्या घरची बाई पडद्यावर आली म्हटल्यावर लोकांची जीभ जरा आखडली. दुसरी पायरी साबणाची. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, तिथं येणाऱ्या त्या पहिल्या हिंदुस्थानी नटी. साबण घरात आला तसा तो चेहराही उजळ माथ्यानं आत आला.

तिसरी पायरी सगळ्यात गमतीची. १९४३ साली विजय भट्टांचा 'रामराज्य' आला. शोभना समर्थ सीता, प्रेम अदीब राम. या जोडीची कॅलेंडरं घरोघर लागली. एका गावात मले ते कॅलेंडर देवघरात सापडलं, कुंकवाचे ठिपके लागलेलं. घरातल्या आजीबाईंना मी सांगितलं की ही सिनेमातली बाई आहे. त्या म्हणाल्या, "असंन रे बाबू. मी चाळीस वर्सं हात जोडले, तिनं कई नाई म्हटलं?" मी ते कॅलेंडर मागितलं नाही.

माझ्या पिढीला हा संकोच राहिला नव्हता. आमच्याच तालुक्यातली बहिरमची यात्रा महिनाभर चालते. हंडीतलं मटन अन् रोडगे खायला लोक दुरून येतात. मी शाळेत असताना तिथं टुरिंग टॉकीजचे तंबू असत, अन् बाहेर चटईवर पोस्टकार्डाएवढे नटनट्यांचे फोटो मांडलेले. मधुबाला, मीनाकुमारी, बाजूलाच गजानन महाराज, अन् सगळ्यांचा भाव एक.

अमेरिकेत हॉलिवूडच्या कंपन्या पगारी फोटोग्राफर ठेवत अन् चाहत्याच्या पत्राला उत्तर म्हणून फोटो पोस्टानं धाडत. आपल्याकडे त्या तोडीचं काम बॉम्बे टॉकीजमध्ये झालं. तिथला कॅमेरामन जोसेफ विर्शिंग मूळचा जर्मनीतल्या म्युनिकचा. 'अछूत कन्या'पासून 'महल', 'पाकीजा'पर्यंत कॅमेरा त्याचा. देविकाराणीचे त्यानं काढलेले फोटो पाहावे! उजेड एका गालावर, दुसरा गाल अंधारात. महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रज सरकारनं त्याला छावणीत डांबलं. त्याच्या फोटोंचा संग्रह पुढं घरच्या लोकांनी जपला.

खरा ब्रोमाइड फोटो अन् छापील चित्र यातला फरक ओळखणं सोपं आहे. भिंग लावा. छापील असेल तर बारीक ठिपके दिसतात, ब्रोमाइडमध्ये ठिपके नसतात. जुन्या ब्रोमाइडवर काळ्या भागात, कडेकडेनं, तिरपं धरलं तर चांदीसारखी झाक चमकते. ती चांदीच आहे, कागदातली वर आलेली. पावसाळ्यात काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, वरचा थर काचेवरच राहून जातो. अन् लॅमिनेशन तर कधीच करू नये. आमच्याकडच्या हौशी पोरांनी आजा-पणज्यांचे किती फोटो असे प्लास्टिकात घालून संपवले, त्याची मोजदाद नाही.

याच चांदीनं जुना सिनेमा खाल्ला. फिल्म वितळवली की चांदी निघते, म्हणून कितीतरी सिनेमे भंगारात गेले. आपल्या देशात १३०० च्या वर मूकपट निघाले, उरले जेमतेम तीसेक, तेही बरेचसे तुकड्यांत. १४ मार्च १९३१ ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुठंच पाहायला मिळत नाही. जुबेदा अन् मास्टर विठ्ठल त्यात दिसत कसे होते हे फोटोवरूनच कळते. पुण्याचं फिल्म संग्रहालय १९६४ साली निघालं अन् पी. के. नायरांनी जिवाचं रान करून जमेल ते वाचवलं, पण तोवर बरंच वितळून गेलं होतं. नाटकाचं तर विचारूच नका. पडदा पडला की ते संपलं.

तीन वर्षांमागं जवळच्या एका गावात वाडा पडला, त्यातल्या पेटीत मले एक फोटो सापडला. विशीतली बाई, नाटकातला पोशाख, मागं स्टुडिओचा रंगवलेला पडदा. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलनं एकच शब्द, 'सुभद्रा'. म्हणजे 'सौभद्र' नाटकातलं काम. बाईचं स्वतःचं नाव नाही. ढब पुरुषाची वाटत नव्हती, हात अगदी लहान. त्या घरातली नव्वदीची एक बुढी लेकाकडे शहरात राहते, तिच्याकडे मी तो घेऊन गेलो. तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला.

"आमच्याच घरची होये," ती म्हणाली. "कंपनीत गेली. मंग घरात तिचं नाव काढू देत नोते."

"काय नाव होतं माय?"

तिनं सुनेकडे पाहिलं. सून चहाच्या कपबशा उचलत होती. बुढीनं फोटो माझ्या हातात परत दिला अन् म्हणाली, "जे लिवलं हाय तेच राहू दे."

पाकिटावर मी गावाचं नाव, सापडल्याचं साल अन् 'पेटीत, तळाशी' असं लिहिलं. नावाच्या जागी 'सुभद्रा'.