लाहोरला असलेला माणूस

परवा कायद्याचं एक जुनं पुस्तक चाळत होतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ११ व्या कलमाखाली एक उदाहरण आहे. गुन्हा कलकत्त्यात घडला, पण 'अ' त्या दिवशी लाहोरला होता, तर ती गोष्ट कोर्टाने ऐकायची. बस्स, एवढंच. १ जुलै २०२४ ला हा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तेव्हा कलकत्त्याचं चेन्नई झालं आणि लाहोरचं लडाख. देश बदलला, 'अ' मात्र अजून दुसरीकडेच आहे!

खुनाच्या आरोपावर माणूस दोन उत्तरं देऊ शकतो. 'मी तिथे नव्हतोच' किंवा 'मारलं खरं, पण जीव वाचवायला'. मला वाटायचं, दोन्ही एकाच तराजूत तोलत असतील. तसं नाहीये.

दुसऱ्या उत्तराचा तराजू कळायला १९५२ चा एक निकाल वाचावा. ५ मार्च १९५० ला कटनीत दंगल उसळली. जमावाने एकाच्या भावाचं दुकान लुटलं आणि मग ह्याच्या दारावर लाठ्या मारायला सुरुवात केली. ह्याने बंदूक चालवली, एक जण मेला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, नागपूरच्या हायकोर्टाने ती कायम ठेवली. सुप्रीम कोर्टाने मात्र त्याला सोडलं. निकाल लिहिला न्या. विवियन बोस यांनी, जे आधी नागपूरलाच मुख्य न्यायाधीश होते. त्यांचं म्हणणं असं, की अशा प्रसंगी माणसाने काय करायला हवं होतं हे सोनाराच्या काट्यावर तोलता येत नाही. दार फुटेपर्यंत थांबायला त्याला कोण सांगणार? स्वसंरक्षण सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते, पण ते संभवनीय आहे एवढं दिसलं तरी पुरतं. १९६७ मध्ये तर सुप्रीम कोर्टाने म्हटलं, की आरोपीने हा बचाव मांडला नसला तरी पुराव्यातून दिसत असेल तर कोर्टाने त्याचा विचार करावा.

'मी तिथे नव्हतो' ह्याला मात्र इतकी सवलत नाही. १९८१ मध्ये, मूळचे पुण्याचे सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्यापुढे अलाहाबादचा एक खटला आला. आरोपी म्हणत होता, मी कारखान्यात ड्युटीवर होतो. कोर्ट म्हणालं, नुसतं दुसरीकडे असणं पुरत नाही. त्या वेळी तो तिथे असूच शकत नव्हता, असं दिसलं पाहिजे. तो बचाव टिकला नाही, फाशीची मात्र जन्मठेप झाली. पण त्याच निकालात हेही आहे, की बचावाच्या साक्षीदारांना सरकारी साक्षीदारांइतकाच मान द्यायला हवा. ते खोटंच बोलणार असं आधीच धरून चालायचं नाही.

हे वाचून मी जरा अस्वस्थ झालो. एकटा घरी झोपलेल्या माणसाने काय करायचं? त्याच्याकडे ना हजेरीपट, ना तिकीट. खरं सांगणाऱ्याकडेच पुरावा नसण्याची शक्यता जास्त!

त्याला आधार एकच. आरोपीने 'मी तिथे नव्हतो' हे सिद्ध करण्याआधी, तो तिथे होता हे सरकारने सिद्ध करायचं असतं. त्याचा बचाव पडला म्हणून सरकारची बाजू आपोआप उभी राहत नाही. आपण पेपर वाचताना नेमकं हेच विसरतो, नाही का?