सैनिकाची सजगता आणि शीलाचा प्रश्न

- विशेष प्रतिनिधी

युद्धावर निघालेल्या सैनिकाला ध्यान शिकवणे नैतिकदृष्ट्या योग्य आहे काय? अमेरिकी लष्कराने 'माइंडफुलनेस' अर्थात सजगतेच्या प्रशिक्षणाचे प्रयोग हाती घेतल्यापासून मानसशास्त्रज्ञ आणि बौद्ध अभ्यासक यांच्यात या प्रश्नावर वाद सुरू आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप

श्वास, शरीरातील संवेदना आणि मनात उमटणारे विचार यांकडे निवाडा न करता लक्ष देणे, म्हणजे सजगता. पाली भाषेतील 'सति' ही तिची मूळ संज्ञा. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू करून ती धार्मिक चौकटीबाहेर आणली. अमेरिकी लष्करातील माजी गुप्तवार्ता अधिकारी आणि जॉर्जटाउन विद्यापीठातील प्राध्यापिका एलिझाबेथ स्टॅन्ले यांनी पुढे सैनिकांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम रचला. २००८ मध्ये इराकला जाण्याच्या तयारीत असलेल्या मरीन राखीव सैनिकांना तो शिकवण्यात आला. भारतीय वंशाच्या मेंदूशास्त्रज्ञ अमिशी झा यांनी त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. गट लहान होता. मात्र अधिक सराव करणाऱ्यांची कार्यकारी स्मृती सुधारली, तर कमी सराव करणाऱ्यांची खालावली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २८१ मरीन सैनिकांच्या अभ्यासात, युद्धसदृश कवायतीनंतर प्रशिक्षितांच्या हृदयाची आणि श्वासाची गती लवकर पूर्वपदावर आल्याचे आढळले.

समर्थकांची बाजू

भेदरलेला सैनिक अविचाराने गोळी झाडतो. शांत सैनिक शत्रू आणि नागरिक यांतील फरक ओळखतो, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. इराकमधील हदिथा येथे २००५ मध्ये मरीन सैनिकांकडून २४ नागरिक मारले गेले. असे प्रसंग टळावेत आणि परतणाऱ्या सैनिकाला मानसिक आघातातून सावरता यावे, हे उद्दिष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही.

आक्षेप

बौद्ध परंपरेत सति एकटी नसते. अष्टांगिक मार्गात ती 'सम्यक' असावी लागते आणि सम्यक आजीविकेत शस्त्रांचा व्यापार निषिद्ध आहे. 'संयुत्त निकाया'त एक योद्धा बुद्धांना विचारतो, लढताना मृत्यू आल्यास स्वर्ग मिळतो हे खरे काय? तिसऱ्यांदा विचारल्यावर मिळालेले उत्तर नकारार्थी आहे. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही साधक प्रथम पंचशील ग्रहण करतो आणि त्यातील पहिले शील प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे आहे. शील वगळून केवळ एकाग्रता शिकवली, तर नेमबाजाचा हातही अधिक स्थिर होईल, असे टीकाकार म्हणतात. रोनाल्ड पर्सर आणि डेव्हिड लॉय यांनी २०१३ मध्ये अशा शीलविरहित सजगतेला 'मॅकमाइंडफुलनेस' म्हटले. ही भीती निराधार नाही. दुसऱ्या महायुद्धकाळात जपानमधील अनेक झेन आचार्यांनी युद्धाची पाठराखण केली होती, हे ब्रायन व्हिक्टोरिया यांनी १९९७ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे.

संमती कोणाची?

आणखी एक मुद्दा संमतीचा. आज्ञापालन हाच जेथे नियम, तेथे 'ऐच्छिक' वर्गाला नकार देणे कितपत शक्य असते? ध्यानामुळे दडपलेल्या आठवणी उफाळून येऊ शकतात, म्हणून अनुभवी शिक्षक आणि वैद्यकीय साह्य आवश्यक ठरते. शिवाय, युद्धाचा ताण सहन करण्याची जबाबदारी सैनिकावर टाकली, की त्याला तेथे धाडणाऱ्या निर्णयाची चिकित्सा मागे पडते.

सैनिकाला मनःशांती नाकारणे अमानुष ठरेल. परंतु ही विद्या त्याच्या विवेकाला जागे करण्यासाठी दिली जाते की त्याला अधिक कार्यक्षम करण्यासाठी, याचे उत्तर शिकवणाऱ्याने वर्ग सुरू होण्यापूर्वीच द्यावयास हवे.