श्रीरंगपट्टण : बेटावरचा एक प्रश्न

मंडळाची सहल ठरवावयाची म्हटले की पहिले नाव निघते ते श्रीरंगपट्टणचे. म्हैसूरहून अवघे पंधरा किलोमीटर. सकाळी निघावे आणि दिवेलागणीस घरी परतावे. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त या प्रांती आल्यापासून आम्ही तेथे किती वेळा गेलो याची मोजदाद नाही. अशाच एका सहलीत मंडळातील एका लहान मुलीने तटाकडे बोट दाखवून आम्हांस विचारले, "काका, लढाई झाली तेव्हा आपली माणसे आत होती की बाहेर?" प्रश्न साधा होता, पण त्या दिवशी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख हे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

कावेरी येथे पश्चिमेस दुभंगते आणि पूर्वेस संगमावर पुन्हा एक होते. मधले सुमारे पाच किलोमीटर लांबीचे बेट म्हणजे श्रीरंगपट्टण. श्रीरंगनाथस्वामींच्या प्राचीन मंदिरावरून गावाला नाव पडले. गर्भगृहात शेषशायी विष्णूची विशाल मूर्ती आहे. १६१० साली राजा वोडेयर यांनी विजयनगरच्या प्रतिनिधीकडून हे ठाणे घेतले आणि ते म्हैसूरची राजधानी झाले. पुढे सत्ता हैदरअलीच्या हाती गेली, तरी राजधानी हीच राहिली. आणि किल्ल्यात रंगनाथाची पूजाही चालू राहिली.

किल्ला पायी हिंडूनच पाहावा. जामा मशिदीचे उंच मिनार, कर्नल बेली ज्याच्या नावाने ओळखला जातो तो तळघरातील तुरुंग आणि ४ मे १७९९ रोजी टिपूचा देह जेथे सापडला ती जागा, ही सारी एकमेकांपासून फार दूर नाहीत. रेल्वेच्या दुहेरी मार्गाच्या आड येणारे टिपूचे शस्त्रागार २०१७ साली न पाडता अखंड उचलून शंभराहून अधिक मीटर अंतरावर नेऊन बसविण्यात आले. जुन्या वास्तूची एवढी काळजी घेतलेली पाहून मन संतोष पावते.

किल्ल्याबाहेर दर्या दौलत बाग आहे. १७८४ सालच्या या सागवानी महालाच्या पश्चिम भिंतीवर १७८० सालच्या पोल्लिलूरच्या लढाईचे चित्र आहे. इंग्रजांचा तो दारुण पराभव होता. पूर्वेच्या भिंतीवर समकालीन राजेरजवाडे रंगविले असून, त्यांत पेशवे आणि तंजावरचे राजे ओळखले जातात. आपल्या मंडळींची पावले तेथे हटकून थबकतात.

परंतु आपला संबंध केवळ चित्रापुरता नाही. १७७१ च्या मार्चमध्ये त्रिंबकराव पेठे यांनी मेलुकोटेच्या परिसरात, चिनकुरळी येथे, हैदराचा मोड केला आणि मराठी फौजा पट्टणाला जाऊन भिडल्या. १७९१ च्या मे महिन्यात कॉर्नवॉलिस पट्टणावर चालून आला, तेव्हा दाणावैरणीअभावी त्याला मोठ्या तोफा नष्ट करून मागे फिरावे लागले. त्या उपाशी फौजेला वाटेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन येऊन मिळाले आणि मराठी छावणीच्या बाजारातील धान्यावर ती तगली. पुढल्या वर्षी इंग्रज, निजाम व मराठे यांनी मिळून टिपूला तहास भाग पाडले. अर्धे राज्य, ३ कोटी ३० लक्ष रुपये आणि ओलीस म्हणून दोन कोवळे मुलगे, अशी त्या मार्च १७९२ च्या तहाची किंमत होती.

याच मोहिमेतील एक गोष्ट आपण सहसा सांगत नाही. १७९१ साली परशुरामभाऊंच्या सैन्यातील लुटारू टोळ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला व शारदेच्या मंदिराची विटंबना केली. जीर्णोद्धारासाठी टिपूने शंकराचार्यांस मदत पाठविली; यासंबंधीची त्याची पत्रे १९१६ साली उजेडात आली. कोडगू व मलबारात त्याच टिपूच्या मोहिमांच्या आठवणी अतिशय कटू आहेत, हेही तितकेच खरे. इतिहास कोणा एकाचा कैवार घेत नाही.

१७९९ च्या शेवटच्या वेढ्यात मराठी फौज नव्हती. पट्टण पडले, आणि त्याचा कारभार आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनानीकडे आला. हाच वेलस्ली १८०३ साली म्हैसूरच्या सरहद्दीवरून निघून पुण्यास पोहोचला आणि २३ सप्टेंबरला असईच्या रणात त्याने शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या सेनेचा पराभव केला. ज्या इंग्रजांना आपण दाणा पुरवून जगविले, त्यांनी बारा वर्षांत आपल्याच दारावर धडक मारली. १८१८ साली पेशवाईही संपली.

मग आपली माणसे आत होती की बाहेर? बाळ, ती बाहेर होती. पण आतही आपली खूण होती. टिपूच्या राज्यातील जमाखर्चाची दप्तरे कानडी व फारसीबरोबर मराठीतही लिहिली जात, आणि त्याचा कारभारी पूर्णय्या देशस्थ माध्व घराण्यातला होता. पट्टण पडल्यावर नव्या म्हैसूर राज्याचा दिवाण म्हणून त्यानेच ते राज्य सावरले.

पूर्वेच्या टोकास गुंबज आहे. काळ्या घोटीव खांबांच्या त्या वास्तूत हैदर, त्याची पत्नी आणि टिपू चिरविश्रांती घेत आहेत. तेथून थोडे पुढे संगम. सहलीची शिदोरी आम्ही तेथेच सोडतो. आपले पूर्वज या नदीकाठी तळ ठोकून परत गेले. आपण मात्र येथे घरे केली, मुले येथल्या शाळांत घातली आणि मंडळाची पन्नास वर्षे या भूमीच्या अन्नपाण्यावर पार पाडली. पुढल्या पिढीला हे बेट दाखविताना मोतीतलावाकाठच्या विजयाबरोबर शृंगेरीची गोष्टही सांगावी. या भूमीचे ऋण आपण एवढे तरी फेडावे, अशी सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभासदांस आमची नम्र विनंती आहे.