मुंग्या आलेल्या पडद्यापलीकडे : एफपीव्ही ड्रोनचा गॉगल, अँटेना आणि भालकीचे शिवार

एफपीव्ही ड्रोन उडवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल असतो आणि ड्रोनच्या नाकावरचा कॅमेरा जे पाहतो तेवढेच त्याला दिसते. म्हणून या खेळात चित्र तुटणे ही किरकोळ गैरसोय नव्हे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारे, धारदार पंख्यांचे आणि लिथियम बॅटरीचे यंत्र त्या क्षणी आंधळे होते. ते कोणाच्या अंगावर पडेल की वाळल्या कडब्यात पडून पेट घेईल, हे उडवणाऱ्याच्या हाती राहत नाही. तरीही चित्र सुधारण्यासाठी बहुतेक नवशिके प्रथम अधिक शक्तीचा ट्रान्समीटर विकत घेतात. हा उपाय खर्चिक आहे आणि सर्वांत कमी गुणाचा आहे.

अँटेनाची ही बाजू समजून घेण्यासाठी बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यासारखा मुलूख फार सोयीचा आहे. विकाराबाद–परळी रेल्वेमार्गावरचे हे गाव १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबाद संस्थानाच्या वारशातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, पण मराठी बोली तिथे आजही घराघरांत आहे. भोवती दख्खनचे मोकळे पठार, खरिपात तूर आणि सोयाबीन, पाण्याखालच्या जमिनीत ऊस, मांजरा नदीचे पात्र आणि ब्याळहळ्ळीजवळ कारंजा धरणाचा जलाशय. मोकळे रान, उंच पीक आणि पाण्याचे विस्तीर्ण पृष्ठ हे तिन्ही प्रकार एकाच तालुक्यात भेटतात, आणि तिन्हींत लहरी निरनिराळ्या वागतात. माडांच्या आणि जांभ्या दगडाच्या गोव्यात चौथा प्रकार भेटतो. त्याचा विचार पुढे येईल.

या प्रदेशाला आकाशातून चित्र झेलण्याचा जुना अनुभव आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग देशातील सहा राज्यांच्या सुमारे २४०० खेड्यांत झाला. कर्नाटकातील खेडी गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर या जिल्ह्यांतली होती, म्हणजे भालकीच्या शेजारचीच. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून ८६० मेगाहर्ट्झवर येणारे चित्र गावातला सामुदायिक संच पकडत असे, आणि त्याची अँटेना होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची. महाग धातूच्या पत्र्याची गरज पडली नाही, कारण ८६० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते आणि जाळीची भोके त्या मानाने क्षुल्लक असतात. लहरीला ती जाळी भिंतीसारखीच भासते. एफपीव्हीचे चित्र मात्र बहुधा ५.८ गीगाहर्ट्झवर येते. त्याची तरंगलांबी ५.२ सेंटिमीटर. तीच खुराड्याची जाळी इथे गळकी ठरते. घरी परावर्तक बनवायचा तर भोके पाच मिलिमीटरच्या आत हवीत. अँटेनाचे प्रत्येक माप तरंगलांबीशी बांधलेले असते, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर वाकलेली पाकळीसुद्धा चित्र बिघडवते.

आता शक्तीचा हिशेब. एक किलोमीटरच्या मोकळ्या अंतरात ५.८ गीगाहर्ट्झची लहर सुमारे १०८ डेसिबल क्षीण होते, म्हणजे निघालेल्या शक्तीच्या जवळपास सहा हजार कोटी भागांपैकी एक भाग हाती लागतो. अंतर दुप्पट झाले की आणखी सहा डेसिबल जातात. सहा डेसिबल म्हणजे चौपट. म्हणून २०० मिलिवॅटचा ट्रान्समीटर काढून ८०० मिलिवॅटचा बसवला तरी पल्ला फक्त दुप्पट होतो. बॅटरी अधिक खर्च होते आणि वाऱ्याविना जमिनीवर उभा असलेला ड्रोन तापतो. तेच सहा डेसिबल गॉगलवरची २ डीबीआयची साधी अँटेना काढून ८ डीबीआयची चपटी पॅच अँटेना लावल्याने मिळतात, एक मिलिवॅटही न वाढवता.

अर्थात अँटेना शक्ती निर्माण करत नाही, ती एका बाजूची काढून दुसऱ्या बाजूला देते. सर्व दिशांना चालणाऱ्या अँटेनाचे क्षेत्र मेदुवड्यासारखे असते: भोवताली भरपूर, मधल्या भोकात जवळपास काही नाही. हे भोक अँटेनाच्या टोकाच्या रेषेत, वर आणि खाली असते. उडवणाऱ्याच्या डोक्यावर आलेल्या ड्रोनचे चित्र जवळ असूनही फाटते ते यामुळे. याहून फसवी स्थिती दूर जाताना येते. वेगात पुढे जाणारा ड्रोन नाक खाली करून तीस-पंचेचाळीस अंश कलतो, त्याची उभी अँटेनाही पुढे झुकते आणि तिच्या भोकाचे खालचे टोक मागे, खाली, नेमके उडवणाऱ्याकडे वळते. तोच ड्रोन परत फिरला की चित्र स्वच्छ होते आणि उडवणारा चक्रावतो. मुळात उड्डाणाच्या कलाचा विचार करून अँटेना थोडी मागे झुकवून बसवली तर हे बरेच टळते. कार्बन फायबरची चौकट लहरींना अडवते, म्हणून अँटेना चौकटीच्या आडून बाहेर, शक्य तितकी वर आणि बॅटरीपासून दूर असावी. पुष्कळ ड्रोनवर ती निव्वळ सोयीच्या जागी चिकटवलेली आढळते.

ध्रुवणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सरळ दांडीच्या अँटेनातून निघणारी लहर एकाच प्रतलात हेलकावे खाते. ड्रोन कुशीवर वळला की ते प्रतल आडवे होते आणि उभ्या अँटेनाला ती लहर जवळपास दिसतच नाही. म्हणून एफपीव्हीत वर्तुळाकार ध्रुवणाच्या अँटेना वापरतात. त्यांची लहर स्क्रूच्या आट्यासारखी फिरत पुढे जाते, उजवी किंवा डावी. ड्रोन कसाही कलला तरी फिरकीला फरक पडत नाही. दुसरा लाभ त्याहून मोठा. भिंतीवर किंवा पत्र्याच्या छपरावर आपटून परत येणाऱ्या लहरीची फिरकी उलटते, आणि उजवी अँटेना ती उलटी लहर बहुतांशी नाकारते. प्रतिध्वनी गाळून मूळ आवाज ऐकावा तसा हा प्रकार आहे. मात्र ड्रोन आणि गॉगल या दोन्हींवर एकाच फिरकीची अँटेना असावी लागते. एकीकडे उजवी आणि दुसरीकडे डावी लागली तर शक्तीचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी पोचतो. सरळ आणि वर्तुळाकार अशी जोडी लावली तर निम्मी शक्ती जाते. पुष्कळ ‘खराब’ गॉगलांचा रोग एवढाच असतो.

कारंजा जलाशयाच्या काठी मात्र ही युक्ती अपुरी पडते. ड्रोन पाण्यालगत दूर गेला की लहर पृष्ठभागाला घासून, फार लहान कोनात परावर्तित होते आणि अशा कोनात फिरकी उलटत नाही. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून आलेली लहर मग एकमेकींना मारतात. चित्र ठरावीक अंतरांवर येते-जाते. इथे एकच उपाय: ड्रोन उंच ठेवावा आणि स्वतः काठाच्या चिखलात उभे न राहता उंचवट्यावर उभे राहावे.

उंचीची गरज उसाच्या फडाजवळही तितकीच असते. दोन अँटेनांमध्ये दोरीसारखी सरळ नजर पोचली म्हणजे झाले, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या रेषेभोवती एक फुगीर जागाही मोकळी लागते. एक किलोमीटर अंतरावर, मध्यभागी, ५.८ गीगाहर्ट्झसाठी तिची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर होते. तीन मीटर वाढलेल्या उसाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या माणसाचा गॉगल जमिनीपासून सव्वा मीटरवर असतो. ड्रोन उसाच्या शेंड्यांवरून दिसत असला तरी लहरीचा मोठा भाग पानांत मुरतो. बांधावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभे राहिले किंवा वेगळा रिसीव्हर उंच काठीवर बांधून त्याची तार गॉगलला जोडली तर फरक तत्काळ दिसतो. पाऊस चित्र खातो ही तक्रार मात्र अर्धीच खरी. ५.८ गीगाहर्ट्झवर एका किलोमीटरच्या पावसाने होणारी घट अगदी थोडी असते. चित्र खाते ते ओले पान. गोव्यात माडांच्या आणि आंब्यांच्या दाटीतून पावसाळ्यात चित्र का मिळत नाही, याचे उत्तर यात आहे. जांभ्या दगडाची ओलसर भिंत तर लहरीला जवळजवळ बंदच असते, मग ती गोव्यातल्या घराची असो की बिदरच्या पठारावरची.

उत्तम गॉगलात दोन रिसीव्हर असतात आणि ज्याचे चित्र चांगले तो दर क्षणी निवडला जातो. दोहोंवर सारख्याच अँटेना लावणे म्हणजे ही सोय निम्मी वाया घालवणे. एकावर सर्वदिशा अँटेना आणि दुसऱ्यावर पॅच ही जोडी उपयोगी: जवळच्या गिरक्यांना पहिली, लांबच्या उड्डाणाला दुसरी. पॅच वापरणाऱ्याने तोंड ड्रोनकडे ठेवावे. पाठ फिरवली तर पॅच तर जातेच, शिवाय स्वतःचे डोके मध्ये येते, आणि पाण्याने भरलेले माणसाचे शरीर या लहरी चांगल्याच गिळते. जोडणीत एसएमए आणि आरपी-एसएमए हे दोन प्रकार दिसायला सारखे असतात. चुकीची जोडी लागली तर आटे घट्ट बसतात पण आतली पिन कशालाच टेकत नाही. ट्रान्समीटरला अँटेना नसताना वीज देऊ नये, तो जळू शकतो.

अ‍ॅनालॉग चित्र हळूहळू बिघडते. जुन्या दूरदर्शनप्रमाणे आधी मुंग्या येतात, रंग जातात, मग पडदा फाटतो. छपरावरची अँटेना फिरवत ‘आलं का?’ विचारणाऱ्या पिढीला हे सांगावे लागत नाही. डिजिटल चित्र शेवटपर्यंत सुंदर राहते आणि मग एकाएकी गोठते. त्यामुळे डिजिटल गॉगल वापरणाऱ्याने पडद्याच्या कोपऱ्यातील संकेताच्या आकड्यांकडे लक्ष ठेवावे, चित्राच्या देखणेपणावर विसंबू नये.

कायद्याची चौकट याच तंत्राला लागून आहे. भारतात ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने, शक्तीच्या मर्यादेसह, परवानामुक्त झाला. गॉगलांत सर्रास असणाऱ्या रेसबँडची सातवी वाहिनी ५८८० आणि आठवी ५९१७ मेगाहर्ट्झवर असते. दोन्ही या पट्ट्याबाहेर. गॉगलाने दाखवली म्हणून ती वाहिनी वैध ठरत नाही. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनची आयात संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांखेरीज बंद आहे, सुट्या भागांची नाही. म्हणून इथला छंदिष्ट बहुधा स्वतःच जुळणी करतो आणि अँटेनाची निवड त्याच्यावरच येते. ड्रोन नियम २०२१ नुसार हरित क्षेत्रातही ४०० फुटांची मर्यादा आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते. बिदरला हवाई दलाचा प्रशिक्षण तळ आहे, सूर्यकिरण पथकाचे ठाणेही तिथेच. भालकीकरांनी क्षेत्राचा नकाशा पाहिल्याशिवाय उड्डाण करू नये. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असलेल्या चिमुकल्या गोव्यात तर नकाशाचा मोठा भाग आधीच व्यापलेला आहे. गॉगल लावलेल्याला आकाश दिसत नसल्याने उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर नजर ठेवणारा एक सोबती शेजारी असावा.

एवढे करूनही चित्र गेलेच तर घाबरून काठ्या वेड्यावाकड्या हलवू नयेत. सोबत्याने वर विमान वा पक्षी नसल्याचे सांगितले की ड्रोन सरळ वर चढवावा. बहुतेक वेळा अडथळा खाली असतो आणि थोड्या उंचीवर चित्र परत येते. उपग्रह स्थाननिश्चितीवर घरी परतण्याची सोय आधीच तपासून बटणावर ठेवलेली असावी. आणि ड्रोन उसात पडलाच, बॅटरी जिवंत असली, तर गॉगल काढून ठेवू नये. फक्त पॅच अँटेना ठेवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरावे. ज्या दिशेला मुंग्या सर्वांत कमी, ती दिशा लक्षात ठेवावी. पन्नास पावले बाजूला सरकून पुन्हा तसेच करावे. दोन दिशा जिथे छेदतात त्या सरीत ड्रोन सापडतो.