आल्फ्रेड : एका दुय्यम पात्राची घडण

महानायकांच्या चित्रकथांची समीक्षा बहुधा नायककेंद्री राहिली आहे. दुय्यम पात्र म्हणजे नायकाच्या गुणांना उठाव देणारे साधन, असे मानून त्याचा विचार संपवला जातो. वस्तुतः या साहित्यप्रकारात पात्रे कशी घडतात, हे दुय्यम पात्रांच्या इतिहासातच अधिक स्पष्टपणे दिसते. 'बॅटमन' मालिकेतील आल्फ्रेड हा सेवक या दृष्टीने विचारात घेण्यासारखा आहे.

बॅटमन १९३९ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात अवतरला. १९४० मध्ये त्याला रॉबिन हा जोडीदार मिळाला. आल्फ्रेडचा प्रवेश त्यानंतरचा, 'बॅटमन'च्या एप्रिल-मे १९४३च्या १६व्या अंकातला. डॉन कॅमेरॉन यांनी लिहिलेल्या या कथेत तो स्थूल, सफाचट दाढीमिशांचा, हौशी गुप्तहेरगिरीची खुमखुमी असलेला इंग्रज आहे. ब्रूस वेनशी त्याचा पूर्वपरिचय नाही. तो आगंतुकासारखा दारात येतो. नायकाचे गुपित त्याला उमगते तेही बुद्धीच्या बळावर नव्हे, तर योगायोगाने. आपल्या नाट्यपरंपरेच्या भाषेत बोलायचे तर त्याचे कार्य विदूषकाचे आहे.

याच वर्षी जुलैमध्ये कोलंबिया कंपनीचा 'बॅटमन' हा मालिका-चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात विल्यम ऑस्टिन या सडपातळ, मिशीधारी नटाने आल्फ्रेड साकारला. परिणामी 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या जानेवारी १९४४च्या ८३व्या अंकात आल्फ्रेड आरोग्यधामात जाऊन वजन घटवतो, मिशी राखतो आणि पडद्यावरील प्रतिमेशी जुळवून घेतो. येथे माध्यमांतराचा नेहमीचा क्रम उलटला आहे. पडद्यावरील रूपांतराने मूळ संहितेलाच बदलण्यास भाग पाडले. विशेष म्हणजे हा बदल मुकाट्याने झाला नाही. त्यासाठी कथेच्या आत एक कारण निर्माण करण्यात आले. व्यावसायिक निकडीला कथानकाचे रूप देणे ही या प्रकाराची लक्षणीय रीती आहे.

पुढे तिची पुनरावृत्ती झाली. जून १९६४च्या ३२८व्या अंकात आल्फ्रेडला मृत्यू आला. १९६६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेत ॲलन नेपियर यांनी रंगवलेला आल्फ्रेड घरोघर पोहोचला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या ३५६व्या अंकात तो चित्रकथेत परतला. मधल्या काळातील 'आउटसायडर' हा खलनायक म्हणजे आल्फ्रेडच होता, असा उलगडा त्यासाठी करण्यात आला. त्याचे नावही असेच घडत गेले. १९४५ मध्ये आडनाव 'बीगल' होते. 'पेनिवर्थ' हे आज रूढ असलेले आडनाव आले १९६९ मध्ये.

अनाथ ब्रूसला वाढवणारा पालक ही आल्फ्रेडची परिचित प्रतिमा प्रामुख्याने १९८०च्या दशकातील पुनर्रचनेनंतर स्थिरावली. ती १९४३च्या कथेवर आरोपित केली, की तेथील हास्य केवळ बालिश वाटू लागते आणि त्या कथेचे प्रयोजन नजरेआड होते. सूडाने प्रेरित झालेल्या, काळोखात वावरणाऱ्या नायकाभोवती हलकेपणाचा अवकाश निर्माण करणे, हे ते प्रयोजन होते. अनेक हातांनी, अनेक माध्यमांतून घडलेल्या अशा पात्राचे 'मूळ सत्त्व' शोधणे म्हणूनच निष्फळ ठरते. त्याची एकात्मता कोण्या एका लेखकाच्या संकल्पनेत सापडत नाही. झालेला प्रत्येक बदल पचवून 'हा तोच आहे' असे मानण्यास वाचकाला प्रवृत्त करणाऱ्या निवेदनयुक्त्यांमध्ये ती असते. अभ्यासाचा खरा विषय या युक्त्याच होत.