गावासाठी केंद्र, शहरासाठी घर

संगणकावर उमटलेल्या मराठी लेखनाचा इतिहास सांगताना आपण एक गृहीतक फारसे न तपासता स्वीकारतो. १९९५ नंतर मुद्रणाचा अडसर दूर झाला, संपादकाचा उंबरठा ओलांडण्याची गरज उरली नाही आणि ज्याला लिहावेसे वाटले त्याला लिहिता आले, असे ते गृहीतक. मग हे लिहिणारे बहुतांशी मुंबई-पुण्याचे किंवा परदेशी स्थायिक झालेलेच का होते, या प्रश्नाचे उत्तर आपण शिक्षणात, वर्गात, जातीत शोधू लागतो. ती उत्तरे खोटी नाहीत. परंतु त्यांच्याही आधी एक अगदी साधा प्रश्न आहे, तो तारेचा. घरात बसून, दार लोटून, कोणाला न सांगता वाचता-लिहिता येईल अशी जोडणी गावातल्या घरात केव्हा पोहोचली? आणि ती पोहोचावी अशी योजना मुळात होती काय?

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या वेळी पूर्ण स्वरूपाच्या खात्याला वर्षाकाठी १५ हजार रुपये पडत आणि वेग असे सेकंदाला ९.६ किलोबिट. हा दर शहरी मध्यमवर्गालाही परवडणारा नव्हता. तरी शहरातली अडचण पैशाची होती. गावात मोडेम जोडायला तारच नव्हती. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात दूरध्वनी नेण्याचे ठरवले होते. गावात, म्हणजे गावातल्या घराघरांत नव्हे, गावाला एक. १९९९ च्या धोरणाचा मसुदा याहून बोलका आहे. त्यात ग्रामीण भागातील दूरध्वनींचे प्रमाण शंभर माणसांमागे ०.४ इतके नोंदवले असून २०१० पर्यंत ते ४ वर नेण्याचा संकल्प आहे. इंटरनेटविषयी तेथे उद्दिष्ट काय, तर २००० पर्यंत सर्व जिल्हा मुख्यालये. गावातल्या माणसाने एस.टी. धरून जिल्ह्याला जावे, असे कोणी लिहिलेले नाही. पण त्याचा अर्थ वेगळा निघत नाही.

या ठिकाणी तांत्रिक तपशिलात थोडे शिरणे भाग आहे, कारण साहित्याच्या अभ्यासकांनी तो सहसा दुसऱ्यांवर सोपवला आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॉट'ने गावांसाठी १२८ जोडण्यांची लहान एक्सचेंजे घडवली. वातानुकूलनाची गरज नसलेली, धुळीत आणि उन्हात टिकणारी ही एक्सचेंजे म्हणजे आपल्या अभियांत्रिकीचे खरोखर अभिमानास्पद काम होते. परंतु एक्सचेंज असलेले गाव आणि नसलेले गाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर राही. नसलेल्या गावांपैकी पुष्कळांना जो एकुलता एक सार्वजनिक फोन मिळाला, तो रेडिओ लहरींवर चालणारा होता. त्यावर नीट बोलणेही कठीण, मग मोडेमची गोष्ट दूरच. असे सुमारे १ लाख ८५ हजार फोन पुढे सार्वत्रिक सेवा निधीतून बदलावे लागले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान मर्यादा ठरवली आणि तांब्याच्या जुन्या तारेवरच नवा वेग धावू लागला. मात्र तारेची लांबी वाढेल तसा हा वेग घटतो आणि साधारण पाच किलोमीटरपलीकडे तो हाती लागतच नाही. आता कोकणातील वाड्या किंवा देशावरच्या शेतातील वस्त्या डोळ्यांसमोर आणाव्यात. गावाच्या नावावर ब्रॉडबँड आले तरी ते गावठाणात आले. वस्तीवरच्या घराला त्याची वार्ता नव्हती. धोरणाने २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य ठेवले होते. प्रत्यक्षात मजल गेली ती निम्म्याच्या आसपास, आणि तीही मुख्यतः शहरांच्या बळावर.

मग गावाला काय द्यायचे ठरले? केंद्र. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी परिसरात, कोल्हापूर-सांगलीकडील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. सहकारी साखर कारखान्याची भक्कम यंत्रणा आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे तांत्रिक पाठबळ, असा दुर्मीळ योग होता. त्याचा गाजावाजा देशभर झाला. पण गावातील संगणकावर जे काम खरोखर रुजले ते उसाच्या नोंदीचे, तोडणीच्या पासाचे, खताच्या हिशेबाचे. काही वर्षांनी संशोधकांनी सात गावांत त्या संगणकाच्या जागी साधा मोबाइल व लघुसंदेश वापरून पाहिले, तेव्हा तेच काम कमी खर्चात होऊ शकले. याला अपयश म्हणावे की नाही, यावर आमच्यातच दुमत आहे. शेतकऱ्याचा हेलपाटा वाचला, हे लहान काम नव्हे. पण ज्याला आपण इंटरनेट म्हणतो ते तेथे नव्हते.

चेन्नईच्या आयआयटीत अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने विकसित केलेल्या 'कॉरडेक्ट' या बिनतारी प्रणालीचे उदाहरण अधिक बोधक आहे. ३५ किंवा ७० किलोबिटचा वेग आणि त्याच वेळी फोनवर बोलण्याची सोय अशी ही जोडणी घराघरांत देता येण्याजोगी होती. तरीही तिच्या आधारे उभे राहिलेले ग्रामीण जाळे मुख्यतः केंद्रांचेच झाले. यामागचा हिशेब चुकीचा नव्हता: एका घराला खर्च झेपत नाही, गावाला मिळून झेपेल. डोळ्यांसमोर यशस्वी नमुना होता तो एसटीडी बूथचा.

आमच्या मते चूक झाली ती येथे. बूथला काचेची खोली होती आणि तिला दार होते. मुंबईत गिरणीत असलेल्या नवऱ्याशी बोलताना बाईला ते ओढून घेता येई. बाहेर रांग असली तरी शब्द आत राहत. संगणक-केंद्राला असे दार नव्हते. पडदा सर्वांना दिसणारा, शेजारी चालक बसलेला, बहुधा तोच टंकन करून देणारा. पूर्वी पोस्टमनने पत्र वाचून दाखवावे, तशीच ही परिस्थिती. सातबारा काढायला ती पुरेशी होती. कविता लिहायला, घरच्यांना न विचारता अर्ज भरायला, एखाद्या आजाराविषयी वाचायला ती कशी पुरावी? खाजगी वाचनाचा इतिहास शिकवणाऱ्यांनी तरी हा फरक दुय्यम मानू नये.

केंद्राची कल्पना मात्र धोरणकर्त्यांना सोडवेना. २००६ मध्ये एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर झाली. नावातच 'सामायिक' आहे. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याचा निर्णय झाला, तोच पुढे 'भारतनेट' म्हणून ओळखला जाऊ लागला. तार पुन्हा थांबली ती पंचायतीच्या कार्यालयात.

घरात इंटरनेट शिरले ते या कोणत्याच वाटेने नव्हे, तर २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइलमधून. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवतो की ती जोडणी घराला नव्हती, माणसाला होती, आणि घरातील एकच फोन बहुधा पुरुषाच्या खिशात असे. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी आली. जिद्दीचे कौतुक झाले, ते योग्यच. पण पंचवीस वर्षांच्या धोरणांनंतर घर सोडून डोंगर गाठावा लागतो, याचा उल्लेख कौतुकात क्वचितच सापडला.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी १ लाख ३९ हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली आणि दीड कोटी ग्रामीण घरांना प्रकाशतंतूची जोडणी देण्याचे ठरवले. गावासाठीच्या एवढ्या मोठ्या योजनेचे माप प्रथमच घरांत मोजलेले आम्हाला दिसले. जोडणीची डबी मात्र बहुतेक घरांत टीव्हीशेजारी, बाहेरच्या खोलीत लागते, आणि वीज गेली की तीही बंद पडते.